गाठ गेली तरी डोस पुरे करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कर्करोगावरच्या नव्या कार-टी उपचारांवर पानभर लेख आला होता. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून उभं केलेलं ‘नेक्सकार-१९’, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मिळालेली परवानगी, एप्रिल २०२४ मध्ये पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते झालेलं लोकार्पण, सगळं नीट दिलं होतं. आपल्याकडे असं काही घडतंय हे वाचून ऊर भरून आला. फक्त मथळ्यावरून असं वाटत होतं की केमोथेरपीचे दिवस आता सरले. आणि लोक मथळाच वाचतात हो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा अंक घेऊन दारात उभा. वडिलांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे, दोन केमो झालेत, मानेवरची गाठ हाताला लागेनाशी झाली आहे. म्हणाला, ‘‘मावशी, हे नवीन निघालंय म्हणं. मग पुढचे चार डोस थांबवू का? गाठ तर गेलीय की.’’

त्याला जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे. काटछाट करायची तर जरूर करा, पण तारखांबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

मी डॉक्टर नाही. परिचारिका होते, आणि नोकरीतला बराचसा काळ केमोच्या डे-केअरमध्ये गेला. त्यामुळे लिहितेय ते खुर्चीशेजारी उभं राहून पाहिलेलं आहे, आणि थोडं आमच्या डॉक्टरांनी वेळोवेळी शिकवलेलं.

आधी त्या नव्या उपचाराचं. नेहमीच्या औषधांना आजार दाद देत नाही किंवा बरा होऊन उलटतो, अशांसाठी तो आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करायचा की त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखू याव्यात, आणि मग त्या परत शिरेतून सोडायच्या. त्या सोडण्याआधी रुग्णाला काय देतात ठाऊक आहे? केमोच. खर्च कितीतरी लाखांत जातो. ज्याचा आजार जुन्या, सहज मिळणाऱ्या चार-पाच औषधांनी मुळापासून जाऊ शकतो, त्याने अर्ध्यावर वाट सोडून या नव्या दारात उभं राहण्यात काही शहाणपण नाही.

लिम्फोमा म्हणजे एकच आजार नाही, हेही सांगायला हवं. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन या दोन मोठ्या जाती आणि त्यांच्या कितीतरी पोटजाती. काही इतक्या संथ की डॉक्टर सुरुवातीला नुसती नजर ठेवतात. काही, उदाहरणार्थ बर्किट, इतक्या झपाट्याच्या की आठवडाभरही थांबता येत नाही. माझं बोलणं चाललंय ते सर्वांत जास्त दिसणाऱ्या प्रकाराबद्दल, डिफ्यूज लार्ज बी-सेल म्हणतात तो, आणि थोडं हॉजकिनबद्दल.

‘गाठ गेली, आता सुया कशाला’ हा प्रश्न मला रुग्णांनी अगणित वेळा विचारलाय. उत्तरादाखल मी त्यांना १९४२ ची गोष्ट सांगायची. अमेरिकेत येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघे युद्धाच्या कामासाठी मस्टर्ड वायूच्या जातीतली रसायनं अभ्यासत होते. हा वायू अंगात गेला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लसिकाग्रंथी झडतात, हे पहिल्या महायुद्धापासून माहीत होतं. लिम्फोमा तर पांढऱ्या पेशींचाच आजार. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं. मानेतल्या आणि जबड्याखालच्या गाठींनी त्याला धड गिळता येत नव्हतं. थोड्याच दिवसांत गाठी विरघळल्या, माणूस जेवायला लागला. सगळ्यांना वाटलं, जिंकलं! पुढच्या काही आठवड्यांत गाठी परत आल्या. पुन्हा औषध दिलं, थोड्या हटल्या, पुन्हा आल्या. डिसेंबरात तो गेला. युद्धाची गुप्तता असल्याने हे सगळं छापून यायला १९४६ उजाडलं. त्यानंतरही वीसेक वर्षं बहुतेक ठिकाणी हेच चाललं होतं. एक औषध द्यायचं, गाठ जायची, काही महिन्यांनी परत यायची.

याचं कारण साध्या गणितात आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. औषधाने हजारातल्या नऊशे नव्याण्णव मारल्या तरी दहा लाख उरतात. या दहा लाख बोटाला लागत नाहीत, सोनोग्राफीत दिसत नाहीत, पेट स्कॅनमध्येही चमकत नाहीत. अमेरिकेतल्या हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, काम करून दाखवून दिलं होतं की औषधाचा प्रत्येक डोस असतील त्या पेशींपैकी ठराविक हिस्सा मारतो. म्हणजे दर डोसाला त्याच हिश्शाने कमी होत जातात, आणि एकही उरू नये म्हणून डोसामागून डोस घ्यावा लागतो. पहिले दोन डोस आपल्याला दिसणाऱ्या गाठीवर चालतात. उरलेले असतात न दिसणाऱ्यांसाठी. आमच्याकडच्या शेतकऱ्याला एवढं सगळं सांगावं लागायचं नाही. ‘‘मामा, हरळी वरनं खुरपली म्हणजे रान साफ झालं का?’’ एवढं विचारलं की तो गप्प व्हायचा आणि बायकोला म्हणायचा, पिशवी भर, पुढच्या मंगळवारी यायचंय.

एकाच्या जागी अनेक औषधं एकदम द्यायची, हे आधी लहान मुलांच्या ल्युकेमियात करून पाहिलं गेलं. हॉजकिनसाठी ते केलं व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, १९६४ पासून पुढे. चार औषधांचं ते मिश्रण ‘मॉप’ नावाने ओळखलं गेलं. त्या काळी अनेक जाणत्या डॉक्टरांना हा अघोरीपणा वाटला होता. १९७० मध्ये त्यांनी निकाल छापला: ४३ रुग्णांपैकी ३५ जणांचा आजार तपासणीत पूर्ण नाहीसा झाला होता, आणि त्यातल्या पुष्कळांचा नंतर परतलाच नाही. एकेका औषधाने हे कधी जमलं नव्हतं.

यात नुसती गर्दी केलेली नव्हती. प्रत्येक औषध एकट्याने दिलं तरी त्या आजारावर चालणारं हवं. प्रत्येकाची मारायची जागा वेगळी हवी, म्हणजे एकाच्या तावडीतून सुटलेली पेशी दुसऱ्याला सापडते. आणि प्रत्येकाचा रुग्णाला होणारा त्रासही वेगवेगळ्या ठिकाणी हवा, नाहीतर एकाच अवयवावर सगळ्यांचा मारा होतो आणि कुठलंच औषध पुऱ्या मात्रेत देता येत नाही. शिवाय मध्ये विश्रांती ठेवायची, हाडांतला मगज भरून निघेल इतकीच. फार नाही. या ‘फार नाही’वर मी पुढे येतेच.

नॉन-हॉजकिनसाठी १९७० च्या दशकात ‘चॉप’ आलं: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन. पुढे चारांनी एवढं होतं तर सहा-आठांनी किती होईल, असं म्हणत मोठमोठी मिश्रणं निघाली. शेवटी अमेरिकेत ८९९ रुग्णांवर साधं चॉप आणि तीन भारी मिश्रणं यांची समोरासमोर तुलना झाली. १९९३ मध्ये निकाल लागला, जगण्याच्या बाबतीत सगळे सारखे आणि त्रास चॉपचा कमी. मला हा निकाल फार आवडतो. ‘जरा जास्त पॉवरचं द्या की सिस्टर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी तो कायम ऐकवलाय.

खरी भर पडली ती रिटुक्सिमॅब या पाचव्या औषधाची. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २००२ मध्ये ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवरचा युरोपातला अभ्यास छापून आला, त्यात नुसत्या चॉपने ६३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण मागे हटला होता, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्के. आपल्याकडे सुरुवातीला त्याची किंमत ऐकूनच लोक फाईल मिटायचे. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने स्वस्त आवृत्ती आणली आणि आमच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या साध्या माणसांनाही ते मिळू लागलं. या मिश्रणाला ‘आर-चॉप’ म्हणतात. साधारण दहातले सहा रुग्ण त्याने कायमचे बरे होतात. कर्करोगात ‘कायमचे’ म्हणायची सोय फार कमी ठिकाणी आहे.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण आपल्याच अंकात अधूनमधून घरगुती औषधांची चौकट असते. चॉपच्या चौघांतलं व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून येतं. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे दोघे जमैकाहून आलेल्या सदाफुलीच्या पानांचा मधुमेहावर उपयोग होतो का ते पाहत होते. उंदरांची साखर काही हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टीन हाती आलं, त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टीन पाठोपाठ अमेरिकेत सापडलं. आता हे कळलं की काही मंडळी सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची पानं चावायला लागतात. अहो, कित्येक किलो सुक्या पानांतून त्याचा कणभर अंश निघतो, आणि मोठ्या माणसालाही ते एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, कारण नसांना इजा होते. पान चावून गाठ जाणार नाही. पानात आणखी काय काय आहे आणि किती आहे, ते कुणी मोजलेलं नसतं, तेवढं मात्र पोटात जाईल.

आता खुर्चीवर काय होतं ते. डॉक्सोरुबिसिनला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात. रंग खरंच गडद लाल. चालू सलाईनच्या नळीत सिरिंज लावून ते अगदी सावकाश द्यायचं. थोडं आत ढकललं की दट्ट्या किंचित मागे ओढायचा, नळीत रक्ताची रेघ आली की सुई शिरेतच आहे, मग पुढचं. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतली कातडी, स्नायू जळतात आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगायची की चुरचुरलं तर लगेच बोला, लाजू नका. कष्टाची माणसं दुखलेलं बोलतच नाहीत, हा आमचा मोठा घोर. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहावं लागतं. संध्याकाळी लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस रात्रीच्या एसटीने परत येतो. हृदयावरही या औषधाचा ताण येतो, म्हणून आधी टू-डी इको आणि जन्मभरात मिळून किती द्यायचं त्याला मर्यादा. रिटुक्सिमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी व्हायलाच हवी, झोपलेली कावीळ या औषधाने उठते. नातेवाइकांनी हे विचारावं. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या.

व्हिन्क्रिस्टीनबद्दल एवढंच की ते फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर माणूस हाती लागत नाही. जगभर असे अपघात झाले, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या लहान पिशवीतून द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवलं आहे. त्याने बोटांना मुंग्या येतात. बायका सांगायच्या, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. बद्धकोष्ठ होतं, इतकं की पोट फुगून दवाखान्यात यावं लागतं. हे डॉक्टरला सांगायचं असतं, सोसायचं नसतं.

आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या! सगळ्यात जास्त घोळ या साध्या गोळ्यांचा. रोज शंभर मिलिग्रॅम, पाच दिवस. वीसची गोळी असेल तर एकाच वेळी पाच, सकाळी, भरल्या पोटी. घरी गेल्यावर म्हातारी म्हणते, पाच पाच गोळ्या कुठं खातात होय एकदम? मग रोज एक याप्रमाणे पंचवीस दिवस चालतात. किंवा ‘स्टिरॉइड’ हा शब्द कुणीतरी वाचून दाखवतो आणि त्या फेकूनच दिल्या जातात. या गोळ्या म्हणजे चौघांतलं चौथं औषध आहे, तोंडी लावणं नव्हे. मी घरच्यांसमोर पाच पाच गोळ्यांच्या पुड्या बांधून त्यांच्यावर वार लिहून द्यायची. पुढच्या वेळी येताना रिकामे कागद आणायला सांगायची. हसायची माणसं, पण आणायची.

आता तारखा. आर-चॉप एकवीस दिवसांनी, बहुधा सहा वेळा. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, एकविसाव्या दिवसापर्यंत मगज सावरतो. आजाराच्या पेशीही याच काळात सावरत असतात, फक्त जरा मागे असतात. आपण त्यांच्या पुढे आहोत तोवरच दुसरा डोस पडायला हवा. पंधरा दिवस उशीर केला की त्यांना तेवढी वाढ करायला मोकळं रान दिलं. काउंट कमी आले म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली तर ते वेगळं. ते मोजूनमापून ढकलतात, काउंट वाढायची इंजेक्शनं देतात. मी बोलतेय ते आपण आपल्या मनाने ढकलतो त्याबद्दल. पितृपक्षात नको. भाचीच्या लग्नात डोक्यावर केस नसलेले बरे दिसत नाहीत. वारी करून येतो मग बघू. सोयाबीन काढून घेतो. या प्रत्येक कारणामागे माणूस आहे हे मला कळतं. आजाराला नाही कळत.

याच तारखांमध्ये तापाचं येतं. केमोनंतरच्या त्या दुसऱ्या आठवड्यात १००.४ च्या वर ताप गेला की गोळी खाऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी नसताना साधा जंतू काही तासांत माणूस नेतो. लिम्फोमाचे काही रुग्ण आम्ही आजाराने नाही, या तापाने गमावले.

एक बाई मला विसरता येत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली, कारखान्याच्या तळावर पालात राहणारी. मानेत, काखेत गाठी. तिसऱ्या डोसापर्यंत नेमाने आली, नवरा बैलं दुसऱ्याच्या हवाली करून सोबत यायचा. गाठी गेल्या, भूक लागायला लागली, चेहरा भरला. चौथ्याला ती आली नाही. फाईलवरचा नंबर लागेना. नंतर तळावरच्या एकीने सांगितलं की मुकादमाची उचल अंगावर होती, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ती आजारी म्हणून नवऱ्याचा अर्धाच धरत होते, केमोच्या दिवशी दोघांचा खाडा पडायचा आणि त्याचे पैसे कापले जायचे. गाठ तर दिसत नव्हती. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती ऊस तोडत राहिली. पुढच्या हंगामात परत आली तेव्हा पोटात गाठी होत्या. दुसऱ्या फळीची औषधं दिली, पण पहिल्या वेळी गाठी जशा विरघळल्या तशा या वेळी नाहीत. गळीत संपायच्या आत गेली. तिच्या जुन्या फाईलवर शेरा होता की रुग्णाने स्वतःहून उपचार सोडले. मला तो शेरा तेव्हाही पटला नव्हता. त्या बाईने तिच्यापुढे असलेल्या आकड्यांचा हिशेब बरोबरच केला होता. तिला फक्त एक आकडा कुणी नीट समजावला नव्हता, तो न दिसणाऱ्या दहा लाखांचा.

हॉजकिनचं चित्र आणखी आशेचं आहे. सुरुवातीच्या अवस्थेत सापडला तर दहातले जवळजवळ नऊ बरे होतात, आणि रुग्ण बहुतेक तरुण असतात. तिथे मॉपची जागा ‘एबीव्हीडी’ने घेतली, मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी १९७५ मध्ये मांडलेलं मिश्रण, दर पंधरा दिवसांनी. मॉपने आजार जायचा, पण पोरं निपुत्रिक व्हायची आणि काहींना पुढे ल्युकेमिया व्हायचा. एबीव्हीडीत हे फार कमी. फुफ्फुसांकडे लक्ष ठेवावं लागतं, कोरडा खोकला लागला तर लगेच सांगायचा. आमच्याकडे पॉलिटेक्निकचा एक मुलगा होता. मानेत गाठ, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. गावात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचाच यावा, त्यात चूक नाही. पण तुकडा न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या चालू ठेवणं चूक आहे. मध्येच कुणी स्टिरॉइड दिलं, गाठ बसली, सगळे खूश. स्टिरॉइडने लिम्फोमा काही दिवस दबतो आणि मग बायोप्सीत नीट कळत नाही. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिन निघाला. सुईच्या तपासणीवर भागत नाही, अख्खी गाठ लागते, आणि तिचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) व स्लाइड (काचपट्ट्या) घरच्यांनी मागून जपून ठेवायच्या असतात, पुढच्या मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

त्या मुलाला केमोआधी वीर्य साठवून ठेव म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. वडील शेजारी बसलेले. शेवटी त्यांना चहा आणायला खाली पाठवलं. हे सांगायला अजूनही लोक संकोचतात आणि पोरं आयुष्यभर त्याची किंमत मोजतात. त्याने बारा डोस एकही तारीख न चुकवता घेतले, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. मागे बाजारात भेटला, कडेवर मुलगी होती. साठवलेलं वापरायची वेळच आली नाही म्हणाला, भर बाजारात, मोठ्याने.

तारीख चुकण्याची कारणं नेहमी घरातच असतात असं नाही. काही ठिकाणी दर डोसाला वेगळी मंजुरी लागते आणि कागद एकविसाव्या दिवशी हातात नसतो. आजाराचं नाव आणि सहा डोसांचा आराखडा पहिल्या दिवशीच ठरलेला असताना सहाही डोसांना एकदम मंजुरी का देता येऊ नये? औषध संपलं, बाहेरून आणा, हेही होतं. चौघांतलं एक नसेल तर उरलेल्या तिघांवर भागवण्याचा मोह होतो. तसं करायचं नसतं, ते मिश्रणच राहत नाही. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सूट आहे. दवाखान्यातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. ही माहिती मी तोंडी कितीजणांना सांगितली असेल! आपल्या एका चौकटीने ती पाच जिल्ह्यांत पोचेल, तेव्हा ती छापावी ही विनंती. नव्या उपचारांच्या बातम्याही छापा, पण तो कोणासाठी आहे हे मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत येऊ द्या.

साखर आयुक्तालय, कारखाने आणि मुकादम यांच्यापर्यंतही हे पत्र जावं अशी इच्छा आहे. हंगामात तळांवर आरोग्य शिबिरं होतात, फोटो येतात. त्याऐवजी एक नियम करा. ज्याच्याकडे केमोचं कार्ड आहे त्याचा आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याचा त्या तारखेचा खाडा धरायचा नाही, उचलीतून त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. सहा डोसांचे सहा दिवस होतात, एका हंगामात. कारखान्याला एवढे जड जाणार नाहीत.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कराड
(नाव छापू नये, ही विनंती.)